मरणाला श्रेय देऊ नका

दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की कुणीतरी ती गोष्ट पुन्हा पाठवतं. बेळगावची मुलगी, शिकलेली, दंतवैद्य. लग्न होऊन आयर्लंडला गेली. तिथं गर्भपात नाकारला म्हणून मेली, आणि तिच्या मरणानं एका देशाचा कायदा बदलला. खाली हात जोडलेली चित्रं आणि भारताच्या लेकीला वाहिलेली श्रद्धांजली. मला ही गोष्ट सहन होत नाही. तिच्यातला तपशील खरा आहे आणि गोष्ट खोटी आहे.

मरणानं कायदे बदलत नाहीत. बदलत असते तर आयर्लंडचा कायदा १९८४ सालीच बदलला असता. त्या वर्षी ३१ जानेवारीला, ऐन थंडीत, ग्रॅनार्ड नावाच्या छोट्या गावात मदर मेरीच्या मूर्तीपाशी पंधरा वर्षांची एक शाळकरी मुलगी एकटीच बाळंत झाली. शाळेतून घरी निघालेल्या मुलांना ती दिसली. बाळ गेलं होतं. त्याच दिवशी तीही गेली. देश हादरला. रेडिओवर गे बर्नच्या कार्यक्रमाकडे बायकांच्या पत्रांचा ढीग लागला. कित्येकींनी जन्मभर लपवून ठेवलेलं आपलं बाळंतपण पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती पत्रं कार्यक्रमात वाचून दाखवली गेली, लोक रडले. कायदा जिथल्या तिथं राहिला.

आणि तो कायदा साधा नव्हता. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी, ७ सप्टेंबर १९८३ला, सार्वमत घेऊन राज्यघटनेतच आठवी दुरुस्ती घातली गेली होती. पोटातल्या गर्भाचा जगण्याचा हक्क आणि त्याला वाढवणाऱ्या बाईचा जगण्याचा हक्क, दोन्ही सारखे. ६६.९ टक्के मतं तिच्या बाजूनं पडली. बाई तापानं फणफणत असेल, रक्तस्राव होत असेल, तर डॉक्टरनं आधी वकिलाला विचारावं अशी ही व्यवस्था. याचे परिणाम वाईट होतील असं मेरी रॉबिन्सन तेव्हा सांगत होत्या. तेव्हा त्या वकील आणि सिनेटर होत्या, पुढं राष्ट्राध्यक्ष झाल्या. सरकारच्या महाधिवक्त्यानंही या शब्दरचनेतून घोळ होईल असा लेखी इशारा दिला होता. कुणी ऐकलं नाही.

१९९२ साली चौदा वर्षांची एक मुलगी, शेजारच्या माणसानं बलात्कार केलेली, आईवडिलांबरोबर गर्भपातासाठी इंग्लंडला गेली, तर सरकारनं न्यायालयातून मनाई हुकूम आणून तिला परत यायला लावलं. ती जीव देण्याच्या गोष्टी करत होती. डब्लिनमध्ये हजारो माणसं रस्त्यावर आली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं तिला मोकळीक दिली. वर्षअखेरीस पुन्हा सार्वमत झालं. परदेशी जायचा हक्क मान्य, माहिती मिळवायचा हक्क मान्य. थोडक्यात, आमच्या दारात नको, बोटीत बसा आणि इंग्लंडला जा. आठवी दुरुस्ती तशीच्या तशी.

आता ती बेळगावची मुलगी, सविता हलप्पनवार. २१ ऑक्टोबर २०१२ला ती गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली. वय ३१, सतरावा आठवडा. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग मला मोकळं करा, असं तिनं म्हटलं. गर्भाचे ठोके चालू आहेत, म्हणून नाही. हा कॅथलिक देश आहे, असंही तिच्या कानावर घातलं गेलं. ते शब्द आपले, हे सुईणीनं पुढं चौकशीत मान्य केलं. अंगात जंतुसंसर्ग पसरला. २८ ऑक्टोबरला ती गेली. ती वाचली असती. हे लिहिताना आजही हात जड होतो.

तिच्या मरणानंतर सरकारनं दिलं काय? २०१३चा एक कायदा. बाईचा जीवच जाणार असेल तर गर्भपात, तोही डॉक्टरांच्या सह्यांनिशी. एरवी चौदा वर्षांपर्यंत कैद. बस. जगभर मथळे झाले, दिल्लीनं आयरिश राजदूताला बोलावून घेतलं, तीन चौकश्या झाल्या, आणि हाती लागलं ते एवढं. पुढच्याच वर्षी, २०१४ला, मायदेशात बलात्कार झालेली, आयर्लंडकडे आश्रय मागणारी एक तरुण मुलगी गर्भपात मागत राहिली. कागदपत्रं नाहीत म्हणून तिला इंग्लंडला जाता येईना. शेवटी सिझेरियन करून मूल बाहेर काढलं. सविताच्या मरणात कायदा बदलायची ताकद होती म्हणणाऱ्यांनी या मुलीला काय सांगायचं?

एक तारीख मात्र कुणी पाठवत नाही. २९ सप्टेंबर २०१२. सविता जायच्या महिनाभर आधी डब्लिनमध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी ‘मार्च फॉर चॉइस’ नावाचा पहिला मोर्चा निघाला होता. त्याच उन्हाळ्यात तरुण बायकांनी नवी संघटना उभी करायला घेतली होती, ती पुढं ‘अ‍ॅबॉर्शन राइट्स कॅम्पेन’ म्हणून ओळखली गेली. १४ नोव्हेंबरला ‘आयरिश टाइम्स’मध्ये किटी हॉलंडची बातमी आली आणि संध्याकाळी संसदेसमोर गर्दी उभी राहिली. ती गर्दी आभाळातून पडली नव्हती. ज्यांना बोलवायचं त्यांचे फोन नंबर कुणीतरी आधीच जमवून ठेवले होते. बातमीनं माणसं हळहळतात. पण त्याच संध्याकाळी कुठं जमायचं, माइक कुठून आणायचा, दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे ज्यांना ठाऊक असतं त्याच हळहळीचं पुढं काहीतरी करतात.

आणि त्या बायकांना हे आलं कुठून? आधीच्या बायकांकडून.

२२ मे १९७१, शनिवार. डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून आयरिश विमेन्स लिबरेशन मूव्हमेंटच्या बायका बेलफास्टच्या गाडीत बसल्या. आयर्लंडमध्ये १९३५च्या कायद्यानं गर्भनिरोधकं विकायला आणि बाहेरून आणायला बंदी होती. उत्तरेला बेलफास्ट ब्रिटनमध्ये, तिथं ती राजरोस मिळत. या बायका जाऊन ती घेऊन येणार आणि कस्टमवाल्यांच्या नाकासमोर धरणार, असा बेत. पत्रकार नेल मॅकॅफर्टी त्यांच्यात होती. बेलफास्टच्या औषधदुकानात त्यांनी गोळ्या मागितल्या, तर दुकानदार म्हणाला, चिठ्ठी आणा. चिठ्ठी कुणाकडे असणार? त्यांच्यातल्या बहुतेकींनी ती गोळी कधी पाहिलीसुद्धा नव्हती. मग नेलनं डोकं लढवलं. अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या घेतल्या. कस्टमच्या पुरुषांना तरी कुठं फरक कळणार होता?

त्यांना नाहीच कळला. परतीच्या गाडीतून उतरल्यावर बायकांनी कंडोम दाखवले, जेलीच्या ट्यूबा दाखवल्या, गोळ्या सगळ्यांसमोर तोंडात टाकल्या आणि अटक करा म्हणाल्या. फलाटाबाहेर जमलेले लोक त्यांना सोडा म्हणून ओरडत होते. अधिकाऱ्यांनी माना खाली घातल्या आणि वाट दिली. चारचौघांत नाव घ्यायला लाजावं अशी वस्तू त्यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर नाचवली. बंदी त्या दिवशी उठली नाही, पण ती कुणी राबवू शकत नाही हे सगळ्या देशानं पाहिलं.

दोन वर्षांनी मे मॅगी ही चार मुलांची आई सर्वोच्च न्यायालयात जिंकली. आणखी एक बाळंतपण जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, म्हणून तिनं इंग्लंडहून शुक्रजंतुनाशक जेली मागवली होती, आणि कस्टमनं ती जप्त केली होती. न्यायालयानं जोडप्याच्या खासगीपणाचा हक्क मानला. तरी कायदा व्हायला १९७९ उजाडलं, आणि तोही कसला? कंडोमला डॉक्टरची चिठ्ठी. कंडोमला! चिठ्ठीशिवाय तो मिळायला १९८५ यावं लागलं.

आता सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग. मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

१९८० ते २०१६ या काळात इंग्लंडच्या गर्भपात केंद्रांत आयर्लंडचा पत्ता देणाऱ्या बायकांची संख्या १ लाख ७० हजारांहून अधिक आहे. हा फक्त खरा पत्ता सांगणाऱ्यांचा आकडा. कितीतरी जणींनी लंडनमधल्या मैत्रिणीचा पत्ता लिहिला असणार. रात्रीची बोट, पहाटेची गाडी, पैसे उसने, घरी सांगितलेलं काहीतरी खोटं. लंडनला उतरल्यावर ओळखीचं कुणी नाही. त्यांच्यासाठी लंडनमध्ये राहणाऱ्या आयरिश बायकांनी १९८० साली एक गट काढला, आयरिश विमेन्स अबॉर्शन सपोर्ट ग्रुप. ना कार्यालय, ना पगार. नोकऱ्या सांभाळून फोनवर बसायचं, केंद्राची वेळ ठरवून द्यायची, स्टेशनवर घ्यायला जायचं, रात्री आपल्या घरात झोपायला जागा द्यायची, सकाळी चहा. आयर्लंडहून फोन करणारीच्या मागं आई उभी असेल, नवरा उभा असेल, म्हणून गर्भपात हा शब्द टाळून ‘इमेल्डा’ हे नाव घ्यायचं ठरलं होतं. स्टेशनवर ओळख पटावी म्हणून घ्यायला आलेली बाई लाल स्कर्ट घालून उभी असे. घाबरलेली मुलगी गर्दीत लाल रंग शोधायची.

हे काम वीस वर्षं चाललं. अ‍ॅन रॉसिटर त्यांच्यातली एक. तिनं पुढं या अदृश्य प्रवासिनींवर पुस्तक लिहिलं म्हणून आपल्याला एवढं तरी कळतं. या बायकांचे पुतळे नाहीत. त्यांनी कुठलंही सरकार पाडलं नाही. पण हजारो बायकांना त्या रात्री कुणीतरी नाव न विचारता दार उघडलं, आणि त्या परत गेल्यावर, दहा वर्षांनी, तीस वर्षांनी, मतपेटीसमोर उभ्या राहिल्या. २०१८च्या सार्वमतात आठवी दुरुस्ती रद्द करायला आयर्लंडनं जे मत दिलं ते मला या स्वयंपाकघरांतून निघालेलं दिसतं. मला चळवळीचा अर्थ विचाराल तर मी मोर्च्याआधी हा लाल स्कर्ट दाखवीन.

देशातही माहिती देणं बेकायदा होतं. इंग्लंडमधल्या केंद्राचा फोन नंबर छापला म्हणून विद्यार्थी संघटनांना कोर्टात खेचलं. ट्रिनिटी कॉलेजची विद्यार्थी अध्यक्ष इव्हाना बॅसिक तुरुंगाच्या दारापर्यंत गेली; तिची बाजू मांडायला मेरी रॉबिन्सन उभ्या राहिल्या. बॅसिक पुढं मजूर पक्षाची नेता झाली. नंबर काही थांबले नाहीत, मुलींच्या स्वच्छतागृहांच्या दारांवर लिहिले जात राहिले. मग इंटरनेट आलं, टपालानं गोळ्या येऊ लागल्या, आणि २०१४ साली काही बायका पुन्हा बेलफास्टची गाडी धरून गेल्या, या वेळी गर्भपाताच्या गोळ्या आणायला. त्रेचाळीस वर्षांनी तोच रूळ. अ‍ॅस्पिरिनची गरज मात्र राहिली नव्हती.

आणि या सगळ्यातून चालत आलेली एक बाई, अ‍ॅल्व्हा स्मिथ. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये स्त्री-अभ्यासाचं काम उभं करणारी प्राध्यापक. १९८३ला आठव्या दुरुस्तीच्या विरोधात लढली आणि हरली. त्या हरण्याची नीट कल्पना करा. तीनातल्या दोन माणसांनी तुमच्या विरोधात मत दिलंय, चर्चमध्ये तुमच्यावर प्रवचनं झोडली जातायत, आणि आता घटनाच बदलल्यामुळे संसदेत बहुमत मिळालं तरी उपयोग नाही. तिथून ती पस्तीस वर्षं हललीच नाही. २०१३ला ‘आठवी दुरुस्ती रद्द करा’ म्हणणाऱ्या संघटनांची आघाडी तिनं बांधली. २०१८च्या ‘टुगेदर फॉर येस’ मोहिमेच्या तीन प्रमुखांत ती सत्तरी ओलांडलेली, आणि शेजारी ग्रॉन्या ग्रिफिन, त्या २०१२ च्या नव्या संघटनेतून आलेली. तिसरी ऑर्ला ओ’कॉनर, राष्ट्रीय महिला परिषदेची. नावं पाठ करा. आपल्याला ही नावं कुणी सांगितली नाहीत.

आपल्याला सांगितलं गेलं ते दुसरंच नाव. लिओ वराडकर.

मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉक्टर अशोक वराडकर, त्यांचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान झाला, याचा आनंद मलाही झाला होता. २०१९च्या डिसेंबरात तो वराडला आला तेव्हा गावानं केलेलं स्वागत मनापासून होतं. पण सार्वमताचं श्रेय वाटायची वेळ आली तेव्हा आपण ते दोन नावांत वाटून टाकलं. बेळगावची लेक मेली आणि मालवणच्या लेकानं कायदा बदलला. दोन्ही आपलीच माणसं, हिशेब चोख. मधल्या आयरिश बायका गायब.

वराडकरांनी सार्वमत पुकारलं हे खरं, आणि त्यासाठी धैर्य लागलं हेही खरं. पण २०१४ला आरोग्यमंत्री असताना हाच माणूस संसदेत स्वतःला गर्भाच्या बाजूचा म्हणवून घेत होता. आठवी दुरुस्ती फार जाचक आहे हे त्याच भाषणात त्यानं कबूल केलं, आणि पुढं त्याचं मत बदलत गेलं. कशानं बदललं? दरवर्षी सप्टेंबरात वाढत गेलेल्या मोर्च्यांनी. काळ्या स्वेटरवर पांढऱ्या अक्षरांत ‘रिपील’ लिहून बसमध्ये, कॉलेजात, संसदेत जाणाऱ्या मुलींनी. ८ मार्च २०१७ला कामं टाकून ओ’कॉनेल पूल अडवून बसलेल्यांनी. शिवाय नव्व्याण्णव सामान्य नागरिक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून सरकारनं नागरिक सभा भरवली, आणि डॉक्टर, वकील, भोगलेल्या बायका, विरोधक अशा सगळ्यांचं ऐकून त्या सभेनं एप्रिल २०१७मध्ये राजकारण्यांना वाटलं होतं त्याच्या कितीतरी पुढचा कौल दिला. पंतप्रधान वाऱ्याबरोबर आला. वारा बायकांनी तयार केला होता.

निकालाच्या दिवशी वराडकर म्हणाले, ही शांत क्रांती होती. अजिबात नव्हती. सत्तेचाळीस वर्षं बायका ओरडत होत्या. ज्यांना ऐकू आलं नाही त्यांना ती शांत वाटली.

आणि प्रचार कसा झाला ते बघा, कारण आपल्याकडच्या चळवळींनी शिकायचं ते इथं आहे. एप्रिल २०१८ला फलकांसाठी पन्नास हजार युरो हवेत असं आवाहन केलं, आठवड्याभरात पाच लाखांवर जमले, तेही लहान लहान रकमांनी. त्या पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दारं. गावोगाव दोघी-तिघींचे गट संध्याकाळी दारं वाजवत होते. भाषण करायचं नाही, बाचाबाची करायची नाही, समोरच्याचं ऐकायचं, असं प्रशिक्षण. कित्येक दारांत म्हाताऱ्या बायका आधी गप्प उभ्या राहत आणि मग हळूच सांगत, मीही गेले होते, माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. ज्या मुली मत मागायला गेल्या होत्या त्या आजीचा हात धरून उभ्या राहिल्या. दुसरीकडे ‘इन हर शूज’ या फेसबुक पानावर रोज बुटांच्या फोटोखाली एकेकीची निनावी हकिकत येत होती. गर्भात जगू न शकणारा दोष निघाल्यावर लिव्हरपूलला जाऊन, मग बाळाची रक्षा कुरिअरनं मागवणारे आईबाप स्वतः पुढं येऊन बोलले. त्यांच्यासमोर घोषणा द्यायला विरोधकांनाही जड गेलं.

२५ मे २०१८. ६६.४ टक्के होकार. १४ लाख २९ हजार ९८१ मतं. शहरं होकार देतील, खेडी नाही, असं पंडित म्हणत होते. एकटं डोनेगॉल नाही म्हणालं. रॉसकॉमनचा मतदारसंघ तीन वर्षांपूर्वी समलिंगी विवाहाला नाही म्हणणारा देशातला एकमेव, तो या वेळी हो म्हणाला. १९८३चे आकडे जवळजवळ तंतोतंत उलटे झाले होते. मतदारांची पिढी बदलली होती हे खरं, पण पिढी आपोआप बदलत नाही, तिला कुणीतरी वाढवावं लागतं.

डब्लिन कॅसलच्या अंगणात निकालाच्या दिवशी लोकांनी सविताच्या नावाचा घोष केला. पोर्टोबेलोतल्या भिंतीवर तिचं मोठं चित्र काढलं होतं, त्याच्याभोवती हजारो चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या. कितीतरी चिठ्ठ्यांत तिची माफी मागितली होती. त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बायकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. बेळगावहून तिच्या आईवडिलांनी आयरिश मतदारांना हो म्हणा असं कळकळीनं सांगितलं होतं, नव्या कायद्याला तिचं नाव द्या असंही मागितलं होतं. मुलगी गमावलेल्या आईबापांना हे मागायचा पूर्ण हक्क आहे. माझं भांडण त्यांच्याशी नाही. ते आपल्याशी आहे, कारण आपण फोटो ठेवून घेतला आणि चळवळ सोडून दिली.

फोटोचा हा प्रश्न आयर्लंडमधल्याच काही बायकांनीही उभा केला. स्थलांतरित आणि अल्पसंख्य बायकांचा ‘मर्ज’ नावाचा गट २०१७ला तयार झाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. इंग्लंडला जायचा हक्क ज्यांच्याकडे पासपोर्ट त्यांनाच. व्हिसावर राहणारी, आश्रय मागणारी, गोऱ्या कातडीची नसलेली बाई अडकून पडते, मरते तीच, आणि मोहिमेच्या व्यासपीठावर मात्र ती दिसत नाही. गर्दीला सविताचा चेहरा हवा, पण जिवंत सविता बोलायला उभी राहिली तर तिला माइक मिळेल का? हा प्रश्न मला फार टोचतो. उत्तर होकारार्थी आहे असं त्या बायकांना वाटलं नाही.

कायदा १ जानेवारी २०१९पासून लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता, पण मध्ये तीन दिवस थांबायची सक्ती. पहिली काही वर्षं १९ प्रसूती रुग्णालयांपैकी निम्म्याच्या आसपासच ही सेवा देत होती. बाराव्या आठवड्यानंतरच्या कित्येकींना इंग्लंड सुटलेलं नाही. म्हणून मोर्चे जिंकल्यावरही निघत राहिले, आणि दवाखान्यांच्या दारात बायकांना अडवणाऱ्यांना दूर ठेवणारा कायदा २०२४ला मिळवला गेला.

आता आपण. सविता गेली तेव्हा आपल्याकडे अभिमानानं म्हटलं गेलं, भारतात असती तर वाचली असती. कायद्यानं पाहिलं तर हो. ज्या वर्षी आयरिश बायका बेलफास्टच्या गाडीत बसल्या त्याच वर्षी, ऑगस्ट १९७१ला, आपल्या संसदेनं गर्भपाताचा कायदा केला. त्याआधी महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीनं १९६६ला अहवाल दिला होता. घाणेरड्या ठिकाणी काड्या घालून घेऊन मरणाऱ्या बायकांची काळजी त्यात होती, आणि वाढत्या लोकसंख्येची धास्ती सरकारच्या मनात होती. बायकांचा मोर्चा त्यामागं नव्हता. एकटे र. धों. कर्वे १९२१पासून संततिनियमनासाठी झगडून थकून गेले होते.

न मागता मिळालेल्या या कायद्यात हक्क बाईला मिळालाच नाही, तो डॉक्टरच्या मताला मिळाला. बाईनं सांगायचं, डॉक्टरनं ठरवायचं. गर्भनिरोधक फसलं हे कारण १९७१ला फक्त विवाहितेला होतं. आणि देणाऱ्या सरकारची नियत पाचच वर्षांत दिसली, १९७६ला महाराष्ट्राच्याच विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. सरकारला पोरं नको होती तेव्हा कायदा सैल, म्हणून तो आपल्या बाजूचा आहे असं आपण समजून बसलो.

आपल्या बायका लढल्या नाहीत असं मी म्हणत नाही. १९८६पासून मुंबईत लिंगनिदानाविरुद्ध मंच उभा राहिला, निदर्शनं झाली, आणि १९८८ला महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. ती चळवळ खरी, तिचं यश खरं. पण तिच्या आडून आता भलतंच चाललंय. मुलींचे गर्भ पाडणारी यंत्रणा शोधायची तर सोनोग्राफी केंद्रं शोधा. तपासनीस जातात औषधदुकानात, आणि लिंग कळायच्या कितीतरी आधी घ्यायच्या गर्भपाताच्या गोळ्या महाराष्ट्रातले बरेच दुकानदार ठेवेनासे झालेत. क्युरेटिंगला गेलेल्या सज्ञान बाईकडे आजही नवऱ्याची सही मागतात. कायद्यात तिची एकटीची संमती पुरते. ही सही मागणाऱ्या टेबलासमोर उभं राहून नाही म्हणायला तिच्याबरोबर कुणी नसतं. लाल स्कर्ट घालून थांबलेलं कुणी नसतं.

२०२२ला सर्वोच्च न्यायालयानं अविवाहितेचा हक्क मानला, वर्षभरानं ऑक्टोबर २०२३ला त्याच न्यायालयानं सव्वीस आठवड्यांच्या विवाहितेला नकार दिला. दोन्ही वेळा एकेकटी बाई, नाव झाकून, वकील धरून गेली होती. देशातल्या बायकांच्या शरीराचा फैसला अशा सुट्या सुट्या अर्जांवर चाललाय.

आणि त्याच २०२३च्या हिवाळी अधिवेशनात इंग्रजांची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. १८६०चं गर्भपाताचं कलम ३१२ तिच्यात ८८ क्रमांकानं येऊन बसलं. बाईनं स्वतःचा गर्भपात केला तर तीही गुन्हेगार, हे स्पष्टीकरण कायम. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत, पुढच्या महिन्यांत सात. गुलामीच्या खुणा पुसतोय असं सांगत सरकारनं ही खूण जपून पुढं आणली. त्या डिसेंबरात या कलमासाठी मुंबईत, पुण्यात, नागपुरात एक तरी मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही.